उल्का इंगोलेची क्सेरी

उल्का इंगोलेला पत्ते येत नाहीत असं कुणी म्हटलं असतं, तर यवतमाळात निदान चार घरं भांडायला उठली असती. मेंढीकोटात तिच्यासमोर बसायला भलेभले मामा कचरायचे. त्याच उल्काला आयर्लंडमधल्या नास गावच्या एकोणऐंशी वर्षांच्या एका ग्रीक बाईनं ओळीनं दोन सामन्यांत धूळ चारली, आणि तीही दोघांनीच खेळायच्या, पाच मिनिटांत शिकता येईल अशा एका खेळात. पुढं काय झालं ते मीच सांगतो, कारण उल्का स्वतः सांगत नाही. विचारलं तर "हो, जिंकले एकदा" एवढंच म्हणते आणि विषय बदलते. एवढी मोठी गोष्ट इतकी थोडक्यात उरकणाऱ्या माणसांचा मला राग येतो.

उल्का डेंटिस्ट. नागपूरला शिकली, यवतमाळात सात वर्षं स्वतःचा दवाखाना चालवला. मग नवऱ्याला, केदारला, डब्लिनजवळ सिटीवेस्टमध्ये सॉफ्टवेअरची नोकरी लागली आणि दोघं आयर्लंडला आले. इथं तिची डिग्री तशीच्या तशी चालत नाही, आधी परीक्षा द्यावी लागते. ती तिनं दोनदा दिली आणि दोनदा थोडक्यात हुकली. घरी नुसतं बसून राहणं तिच्या स्वभावात नव्हतं, म्हणून होम केअररचं काम धरलं. रोज सकाळी गाडी काढायची, नासला जायचं, एकट्या राहणाऱ्या चार म्हाताऱ्या माणसांना अंघोळ, नाश्ता, गोळ्या बघायच्या. काम ती मनापासून करायची. पण गणपतीला मंडळी जमली आणि कुणी "तुझं अजून झालं नाही का गं?" असं विचारलं, की ताटातल्या मोदकाची चव जायची. हळूहळू तिनं आपण डेंटिस्ट आहोत हे सांगणंच सोडून दिलं.

चौघांतलं शेवटचं घर कालिओपीबाईंचं. या मूळच्या ग्रीसमधल्या कवाला नावाच्या बंदरातल्या. शेमस नावाचा एक आयरिश खलाशी तिथं उतरला, त्याच्याशी लग्न करून त्या विसाव्या वर्षी इकडं आल्या. शेमस गेल्याला आता सहा वर्षं झाली होती. बाईंचे गुडघे धरलेले, पण डोकं आणि जीभ दोन्ही धारदार. पहिल्याच आठवड्यात त्यांनी उल्काला ऐकवलं होतं, की तू भांडी प्रेसमध्ये, म्हणजे कपाटात, जिथं ठेवतेस तिथं ती राहत नाहीत, त्यांची जागा आयर्लंडच्याही आधीपासून ठरलेली आहे.

त्यांच्या घरी प्रत्येक गोष्टीवर लिंबू. अंड्यावर, सुपात, मासळीवर, उकडलेल्या बटाट्यावरसुद्धा. मार्चच्या सुमारास उल्काच्या लक्षात आलं, की टोपलीतली लिंबं तशीच सुकत पडली आहेत. मग दिसलं, की बाई टोस्ट चहात बुडवून खातात आणि घास उजवीकडंच चावतात. बोलताना जीभ डाव्या बाजूला जरा जपून हलवतात. दुसऱ्या कुणाला यातलं काही दिसलं नसतं. पण उल्कानं शिकत असताना नागपूरला ओपीडीत तंबाखू-सुपारीचा खर्रा खाणारी तोंडं शेकड्यांनी पाहिली होती. खर्रा खाणारा माणूसही असाच आधी तिखट सोडतो, मग एका बाजूनं चावायला लागतो, आणि दुखतं का विचारलं की नाही म्हणतो. कालिओपीबाई खर्रा खात नव्हत्या, पण चाळीस वर्षं सिगारेट ओढत होत्या.

"तोंडात काही झालंय का?" तिनं विचारलं.

"आय ॲम ग्रँड," बाई म्हणाल्या. साठ वर्षांत आयरिश लोकांकडून त्यांनी जे काही घेतलं, त्यात 'अगदी ठीक' अशा अर्थाचा हा शब्द पहिला.

उल्कानं नियमाप्रमाणं ऑफिसला कळवलं. ऑफिसनं डॉक्टरांना कळवलं. डॉक्टरांच्या नर्सचा दोनदा फोन आला आणि दोन्ही वेळा बाईंनी सगळं ग्रँड असल्याचं कळवून टाकलं. शुद्धीत असलेलं माणूस नको म्हणालं की झालं, कुणी ओढून नेऊ शकत नाही. बाईंना कुणी धाडसाचं सर्टिफिकेट दिलं नसतं, पण त्यांच्या नकारामागं एक साधी गोष्ट होती. शेमस साध्या खोकल्यासाठी म्हणून हॉस्पिटलात गेला होता आणि अकराव्या दिवशी पेटीतून घरी आला. तेव्हापासून, जे बघितलं नाही ते नाहीच, असं त्यांनी ठरवून टाकलं होतं. उल्काला हे कळत होतं, आणि कळत होतं म्हणूनच तिचा जीव टांगणीला लागला होता. त्या जिभेवर जे काही होतं, ते आज निघण्यासारखं असेल तर तीन महिन्यांनी नसेल, हे त्या घरात फक्त तिला माहीत होतं.

पत्ते मधे आले ते बाईंच्या एकटेपणामुळं. एक दिवस काम आटोपल्यावर त्यांनी टेबलावर जोड ठेवली आणि म्हणाल्या, बस, तुला क्सेरी शिकवते. खेळ असा. दोघांना सहा-सहा पानं वाटायची आणि चार पानं मधे उघडी, एकावर एक. आपल्या पाळीला एक पान ढिगावर टाकायचं. वरच्या पानाशी आकडा जुळला, म्हणजे सत्तीवर सत्ती किंवा राणीवर राणी पडली, की सगळा ढीग आपला. रंग कुठलाही चालतो, हुकूम-बिकूम काही नाही. गुलाम कशावरही टाकला तरी ढीग उचलतो. सहा संपली की पुन्हा सहा, असं जोड संपेपर्यंत. शेवटी मधे जे उरेल ते ज्यानं सगळ्यात शेवटी उचललं त्याचं. राजा, राणी, गुलाम आणि दश्शीचा एकेक गुण. चौकटच्या दश्शीला दोन. किलवरच्या दुर्रीला एक. ज्याची पानं जास्त त्याला तीन. आणि मधे एकच पान असताना ते जुळवून उचललं, तर ती क्सेरी, तिचे दहा. एकशेएकला सामना संपतो, आणि दोघंही एकाच डावात पलीकडं गेले तर ज्याचे जास्त तो जिंकला.

उल्काला सगळं समजलं, पण हाताला समजलं नाही. लहानपणापासून ती झब्बू खेळलेली. झब्बूत ढीग ज्याच्या गळ्यात पडतो तो मेला, शेवटी गाढव ठरतो तोच. तिच्या हातात जुळणारं पान असायचं आणि बोटं आपोआप दुसरंच पान काढायची, ढीग गळ्यात नको म्हणून. वर मेंढीकोटची सवय, दश्शी हातातून सुटायची नाही. पहिल्या दिवशी तिनं तीन वेळा हातात नव्वी असून नव्वीवर नव्वी टाकली नाही. डावाच्या शेवटी ते उघड झालं तेव्हा बाईंनी पानं खाली ठेवली.

"म्हातारी म्हणून मला जिंकू देतेस?" त्यांनी विचारलं, आणि त्यांचा आवाज खरोखर दुखावलेला होता.

झब्बू काय असतो हे समजावताना उल्काच्या नाकी नऊ आले. ढीग घेणारा हरतो असला खेळ कुठल्या शहाण्या देशात असेल, यावर बाईंचा विश्वास बसेना. बसला तेव्हा त्या इतक्या हसल्या, की हसताना डावा हात गालावर गेला. उल्कानं तो हात पाहिला आणि तिला पुन्हा राहवलं नाही. एकदा तरी बघू द्या, ती म्हणाली, मी शिकलेय हे, डेंटिस्ट आहे मी. कितीतरी महिन्यांनी तिनं हे वाक्य उच्चारलं होतं.

बाईंनी तिच्याकडं नीट पाहिलं. मग पानं गोळा करत म्हणाल्या, "तोंडाचा विषय रोज काढतेस. आता एकच बोलते. एकशेएकचा सामना जिंकून दाखव, मी तोंड उघडते आणि तू म्हणशील तिथं येते. तोपर्यंत विषय बंद. आणि मुली, मी हरायला बसत नाही."

खरोखरच बसत नव्हत्या. साठ वर्षांत त्यांना फक्त शेमसनं हरवलं होतं, तेही दोनदाच. हरणं अशक्य म्हणूनच ही अट घातली हे उल्काला दिसत होतं. पण पत्त्यांवर दिलेला शब्द बाई मोडणार नाहीत, हेही दिसत होतं. दुसरा कुठलाच दरवाजा उघडा नव्हता.

रोज काम संपल्यावर स्वतःच्या वेळातून एक डाव, कधी दोन. पहिला सामना आठवडाभर चालला. बाई एकशे तीन, उल्का अठ्ठेचाळीस. दुसरा जरा बरा, बाई एकशे चार, उल्का एकोणसत्तर. तेवढ्यात एप्रिल अर्धा संपला. बाई आता टोस्टही अर्धाच खायच्या.

केदारला पत्त्यांत गती नाही, पण हार मानायची नाही हा त्याचा पुणेरी गुण. त्यानं एका रविवारी क्सेरीचा प्रोग्रॅम लिहिला आणि कुठलं पान केव्हा टाकावं याचे टक्के काढून दाखवले. उल्कानं ते पाहिलं आणि म्हणाली, "हे सगळं त्या टेबलावर माझ्या डोक्यात काहून राहील? गेलेली पानं लक्षात राहिली तर पुरे आहे. बावन पानं लक्षात ठेवायची कशी, तेवढं सांग." ते प्रोग्रॅमला सांगता येईना.

उत्तर तिला दुसऱ्या दिवशी तिसऱ्या घरी मिळालं, एका आजोबांची कवळी धुताना. दात मोजायची डेंटिस्टांची एक पद्धत असते. तोंडाचे चार भाग करायचे, आणि प्रत्येक भागात पुढच्या मधल्या दातापासून मागं अक्कलदाढेपर्यंत एक ते आठ आकडे. चार गुणिले आठ, बत्तीस. सात वर्षं रोज वीस-वीस तोंडांत तिनं हे केलं होतं. कुठला दात आहे, कुठला गेला, हे एकदा पाहिलं की तिला कागद लागायचा नाही. पत्त्यांचेही रंग चारच. एक्का पुढचा मधला दात, दुर्री त्याच्या शेजारचा, तिर्री सुळा, चव्वी आणि पंजी उपदाढा, छक्की आणि सत्ती दाढा, अठ्ठी अक्कलदाढ. इस्पिक वर उजवीकडं, बदाम वर डावीकडं, चौकट खाली डावीकडं, किलवर खाली उजवीकडं. पान खेळून गेलं की तो दात काढला असं समजायचं. उरली नव्वीपासून राजापर्यंतची वीस पानं, ती कुठल्याही खेळाडूच्या लक्षात राहतात. कवळी हातात धरून ती सिंकपाशी उभीच राहिली. शेवटी आजोबांना आपल्या दातांची आठवण करून द्यावी लागली.

तिसरा सामना सुरू झाला तेव्हा बाईंना फरक लगेच जाणवला. पोरगी आता पान टाकायच्या आधी क्षणभर डोळे मिटायची. तिच्या डोळ्यांपुढं एक तोंड असायचं आणि त्यातले दात एकेक करून कमी होत जायचे. रिकाम्या टेबलावर टाकायचं पान ती असं निवडायची, की त्याची बाकीची तीन भावंडं आधीच गेलेली असत, आणि बाईंना क्सेरी मिळेना. तरी बाई काही लेच्यापेच्या नव्हत्या. पाच डावांनंतर त्यांचे चौऱ्याण्णव, उल्काचे ब्याऐंशी. म्हणजे बाईंना सातच हवे होते, आणि एका डावात क्सेरी सोडून एकवीस गुण असतात.

सहावा डाव उल्कानं वाटला. पहिला ढीग तिनंच गुलामानं उचलला, त्यामुळं तळाला दबलेली तीन पानंही तिनं पाहून घेतली. डाव चढत-उतरत गेला. शेवटची सहा-सहा पानं वाटली तेव्हा तिनं डोळे मिटले. जे दात अजून जागेवर होते, त्यातले स्वतःच्या हातातले वजा केले, की उरलेले बाईंच्या हातात. दुसरीकडं कुठं असणारच नव्हते. सहाच्या सहा पानं तिला बाईंच्या पाठीमागून बघावीत तशी दिसली. गुण तिनं मनात मांडले. बाईंचे सात पूर्ण होणार होते, त्यांना अडवता येणार नव्हतं. स्वतःला चौदा मिळाले तरी ती शहाण्णववरच अडकत होती. एक क्सेरी हवीच होती.

चार-चार पानं उरली. बाईंकडं राजा, चव्वी आणि दोन छक्क्या. उल्काकडं दश्शी, राणी, एक चव्वी आणि एक छक्की. बाईंनी राजा ढिगावर टाकला. आता कुणीही सरळ खेळाडू चव्वी टाकून मोकळा झाला असता. चव्वीला गुण नाही, दश्शीला आहे. यवतमाळचे सगळे मामा उल्काच्या मनगटाला धरून बसले होते, दश्शी सोडू नकोस म्हणून. तिनं दश्शी टाकली. बाईंनी भुवई उचलली.

आता बाईंपुढं चव्वी आणि छक्क्यांची जोडी. जोडी शेवटपर्यंत धरायची हे त्यांनीच उल्काला शिकवलं होतं. दोन आपल्या हातात असली की समोरच्याकडं तिसरं असायचा संभव कमी. चित्रं आणि दश्श्या त्या चोख मोजायच्या, पण बारकी पानं मोजायची गरज त्यांना साठ वर्षांत पडली नव्हती. त्यांनी चव्वी टाकली. उल्कानं त्यावर चव्वी ठेवली आणि ढीग ओढून घेतला, दश्शीसकट.

टेबल रिकामं झालं. बाईंकडं दोन छक्क्या. कुठलीही टाकली तरी छक्कीच. त्यांनी बदामची टाकली आणि खिडकीबाहेर बघायला लागल्या, जणू डाव संपलाच आहे. उल्कानं किलवरची छक्की त्या पानावर ठेवली.

बाईंनी हातातली उरलेली छक्की उघडी करून टेबलावर ठेवली, चारही छक्क्यांचा हिशेब मनात लावला आणि सावकाश मान डोलावली. "क्सेरी," त्या म्हणाल्या. हरलेल्यानं जिंकणाऱ्यासाठी हा शब्द उच्चारायचा, ही त्यांच्या गावची रीत. गुण मांडले तेव्हा बाई एकशेएक, उल्का एकशे सहा. उल्काला रडूही आलं आणि हसूही. तिनं दोन्ही करून घेतलं, लपवलं काही नाही.

बाई स्वतःच खिडकीपाशी उजेडात जाऊन बसल्या. शेमस गेला तेव्हासुद्धा कुणी एवढं घाबरलेलं त्यांना पाहिलं नसेल. उल्कानं हातमोजे चढवले, फोनची बत्ती लावली आणि म्हणाली, "आता घाई नाही. तुम्ही म्हणाल तेव्हा."

कालिओपीबाईंनी तोंड उघडलं. जिभेच्या डाव्या कडेला, मागच्या बाजूला, पांढरा चट्टा होता आणि त्याच्या मधोमध लाल, खरबरीत भाग. गव्हाच्या दाण्याएवढा. उल्कानं मान चाचपली, गाठ लागली नाही. मग समोर खुर्ची ओढून बसली आणि त्यांचा हात हातात घेऊन सरळ सांगितलं. हे आपोआप बरं होणारं नाही. काय आहे ते तुकडा काढून तपासल्यावरच कळेल. पण अजून लहान आहे, वेळ गेलेली नाही. बाईंनी काही फाटे फोडले नाहीत. हरल्या होत्या, शब्द दिला होता. फक्त एवढंच विचारलं, की तू सोबत येशील का.

उल्का प्रत्येक वेळी गेली. डॉक्टरांकडं, मग डब्लिनच्या मोठ्या हॉस्पिटलात तुकडा काढायला, मग ऑपरेशनला. कॅन्सर होता, पण अगदी सुरुवातीचा. जिभेची एक कड काढली आणि बाई चौथ्या दिवशी घरी आल्या. अकराव्या दिवशी त्यांनी स्वतःच्या स्वयंपाकघरात उभं राहून सूप ढवळलं आणि भिंतीवरच्या शेमसच्या फोटोला ग्रीकमध्ये काहीतरी ठणकावून सांगितलं. काय, ते विचारायची उल्काची हिंमत झाली नाही.

जूनमध्ये शेवटचा रिपोर्ट होता. सर्जन उंच, पिकल्या केसांच्या बाई. त्यांनी सांगितलं, की कडा स्वच्छ आहेत, मानेत काही नाही, पुढं फक्त तपासत राहायचं. उल्काचा जीव भांड्यात पडला. ती केअररच्या निळ्या अंगरख्यात भिंतीशी उभी होती, सोबत आलेली माणसं उभी राहतात तशी. सर्जननं कागद मिटता मिटता म्हटलं, की या जागेवरचं इतक्या लवकर सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. दुखायला लागल्यावर लोक येतात, तोवर उशीर झालेला असतो. कुणी पाहिलं हे?

कालिओपीबाईंची जीभ अजून जड होती, त्यामुळं त्यांनी एकेक शब्द वेगळा काढून उच्चारला.

"माझ्या डेंटिस्टनं," त्या म्हणाल्या, आणि भिंतीकडं बोट केलं.

सर्जननं उल्काकडं पाहिलं. अंगरख्याकडं नाही, चेहऱ्याकडं. मग खुर्ची तिच्या बाजूला वळवली आणि एक डॉक्टर दुसऱ्याला विचारतो तसं विचारलं, की पहिल्यांदा पाहिलं तेव्हा आकार केवढा होता, कड उचललेली होती का, हाताला कसं लागलं.

उल्का भिंतीपासून दोन पावलं पुढं आली आणि तिनं सगळं सांगितलं.